साथ गेली, चाळ राहिली

मुंबईत प्लेग सप्टेंबर १८९६मध्ये उघडकीस आला आणि पुढची जवळजवळ २५ वर्षे तो शहरात ठाण मांडून राहिला. थंडी सरत आली की माणसे आजारी पडू लागत, फाल्गुन-चैत्रात मृत्यूंचा आकडा टोकाला जाई, पावसाळ्यात साथ मंदावे आणि पुढच्या हिवाळ्यात पुन्हा डोके वर काढी. पहिल्या काही वर्षांत एकट्या मुंबईत दरवर्षी दहा हजारांहून अधिक माणसे दगावली. देशभरात १९२०च्या सुमारापर्यंत या रोगाने एक कोटीहून अधिक बळी घेतले. १९०७ या एका वर्षातच १३ लाखांच्या आसपास. लांबलेली साथ रोजचे जगणे आणि काम कायमचे बदलते का, आणि बदलत असेल तर नेमके काय बदलते, हे तपासायला मराठी मुलखात याहून मोठे उदाहरण नाही.

रोगाची सुरुवात बंदराला लागून असलेल्या मांडवी भागात झाली. मांडवीत धान्याची मोठमोठी गोदामे होती आणि त्यांच्या डोक्यावर व आजूबाजूला दाटीने माणसे राहत होती. गोव्यातील हडफडे गावचे डॉ. अकासिओ गॅब्रिएल व्हिएगस यांनी नवरोजी हिलच्या परिसरातील एका रुग्णाला तपासले, गाठी पाहिल्या आणि हा प्लेग आहे असे महापालिकेसमोर स्पष्टपणे सांगितले. प्लेगचा जंतू दोनच वर्षांपूर्वी, १८९४मध्ये, हाँगकाँगच्या साथीत सापडला होता. तो माणसाच्या अंगात शिरतो कसा, याचे उत्तर मात्र अजून कोणाकडे नव्हते. घाण, दमट जमीन, कोंदट हवा आणि अंधार यांतून रोग उपजतो अशी बहुतेक डॉक्टरांची आणि अधिकाऱ्यांची समजूत होती. या समजुतीचे परिणाम शहराला पुढे शंभर वर्षे भोगायचे होते.

पहिले उपाय त्या समजुतीला धरूनच झाले. गटारांत कार्बोलिक ॲसिड आणि समुद्राचे पाणी सोडण्यात आले, भिंतींना चुना फासला गेला, रोग्याचे अंथरूण-पांघरूण जाळण्यात आले. खोल्यांत ऊन पडावे म्हणून कौले उतरवली गेली, काही ठिकाणी छपराला भोके पाडली गेली. मार्च १८९७मध्ये ब्रिगेडियर जनरल गॅटेकर यांच्या अध्यक्षतेखाली प्लेग समिती नेमली गेल्यावर घरझडत्या वाढल्या. रोगी इस्पितळात आणि त्याच्या घरची माणसे वेगळ्या छावणीत, असा नियम झाला. रेल्वे स्थानकांवर प्रवाशांना उतरवून त्यांची काख आणि जांघ चाचपली जाई. स्त्रियांचीही अशी तपासणी चारचौघांत होई आणि त्याचा संताप साऱ्या मुलखात पसरला. समिती नेमली जाण्याआधीच, २९ ऑक्टोबर १८९६ रोजी, हजारभर गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या इस्पितळावर हल्ला केला. मार्च १८९८मध्ये मदनपुऱ्यातील विणकरांच्या वस्तीत एका आजारी मुलीला तपासायला गेलेल्या पथकावरून दंगल पेटली, आणि पाठोपाठ गोदीतील मजूर व गाडीवाले यांनी संप केला.

शहर रिकामे होऊ लागले. १८९१च्या खानेसुमारीत मुंबईची वस्ती सव्वाआठ लाखांच्या घरात होती. फेब्रुवारी १८९७ संपेपर्यंत त्यातले जवळपास चार लाख लोक बाहेर पडले होते. गिरणगावातला मोठा वर्ग रत्नागिरी आणि सातारा जिल्ह्यांतला. कोणी बोटीने कोकणात उतरले, कोणी घाट चढून गेले, आणि त्यांच्या बोचक्यांबरोबर रोगही गावोगाव पोहोचला. देशावरच्या गावांनी मात्र शहराआधी एक शहाणपण शोधून काढले. घरात उंदीर पडू लागले की गाव उठे. माणसे गुरेढोरे घेऊन माळावर किंवा शेतात जात, कडब्याच्या, पाल्याच्या झोपड्या बांधून दोन-तीन महिने काढत आणि साथ ओसरल्यावर परतत. उंदीर आणि प्लेग यांचे नाते शास्त्राने सिद्ध होण्याच्या कितीतरी आधी ते खेड्यांच्या अनुभवात पक्के बसले होते. प्रयोगशाळेने माणसांचे हे बोलणे वेळीच कानावर घेतले असते, तर घरझडत्यांतली बरीच क्रूरता टळली असती.

कामाच्या बाबतीत साथीने पहिल्याच वर्षी जे केले, त्याची तोवर कोणी कल्पनाही केली नव्हती. १८९६मध्ये मुंबईत सत्तरच्या आसपास कापड गिरण्या आणि सत्तर हजारांहून अधिक कामगार होते. पगार महिन्याचा असे आणि तोही काही आठवडे अंगावर ठेवून दिला जाई. काम सोडले, खाडा झाला, जॉबरशी म्हणजे मुकादमाशी बिनसले की अंगावरचा पगार बुडे. कामगाराला गिरणीशी बांधून ठेवणारा दोर तोच होता. १८९७च्या आरंभी कामगार गावी निघून गेले, खाती ओस पडली आणि मागे राहिलेल्यांची किंमत एकाएकी वाढली. त्यांनी रोजच्या रोज रोख मजुरी मागितली आणि मालकांना ती द्यावी लागली. रस्त्याच्या नाक्यांवर गिरण्यांची माणसे उभी राहून कामगारांसाठी एकमेकांवर बोली लावू लागली. आपसात चढाओढ करायची नाही, असे ठरवण्याचा मालकसंघाचा प्रयत्न फसला, कारण चाके थांबू नयेत ही गरज प्रत्येकाची वेगळी आणि तातडीची होती.

हा बदल टिकला असता तर मुंबईच्या कामगार चळवळीचा इतिहास वेगळा झाला असता. तो टिकला नाही. माणसे परतू लागली, गावाकडे दुष्काळ होताच, दारावरची रांग पुन्हा वाढली आणि रोजची रोख मजुरी गेली. महिन्याचा आणि अंगावर ठेवलेला पगार परत आला. कामगारांची तेव्हा संघटना नव्हती, करार नव्हता, कायदा नव्हता. साथीने त्यांच्या हातात जी ताकद दिली होती ती कुठल्याच कागदावर उतरली नाही, म्हणून साथीचा जोर ओसरताच ती नाहीशी झाली.

सफाई कामगारांच्या बाबतीतही असेच घडले. पालिकेचे आयुक्त स्नो यांना सर्वांत मोठी धास्ती होती ती हलालखोर आणि बिगारी शहर सोडून जातील याची. ते गेले असते तर काही दिवसांत मुंबई राहण्याजोगी उरली नसती. त्या भीतीने १८९६च्या शेवटी विलगीकरणाचे सक्तीचे नियम सैल केले गेले. शहर कोणाच्या खांद्यावर उभे आहे हे त्या काही आठवड्यांत सरकारला नीट कळले होते. पण ते कळणे अहवालाच्या पानांपुरते राहिले.

कागदावर जे उतरले ते मात्र कायमचे झाले. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा लागू झाला. जेमतेम चार कलमांचा हा कायदा सरकारला साथ रोखण्यासाठी वाटेल ते नियम करण्याचा अधिकार देतो, नियम मोडणाऱ्याला शिक्षा सांगतो आणि सद्‍भावनेने काम करणाऱ्या अधिकाऱ्याला संरक्षण देतो. नागरिकाला या काळात काय मिळाले पाहिजे, याबद्दल त्यात अवाक्षर नाही. पुण्यात या कायद्याखाली वॉल्टर चार्ल्स रँड यांच्या प्लेग समितीने गोऱ्या सोजिरांकरवी घरझडत्या घेतल्या. माजघरात आणि देवघरात बुटांनिशी सोजीर शिरले. २२ जून १८९७च्या रात्री, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाहून परतताना, गणेशखिंड रस्त्यावर चापेकर बंधूंनी रँड आणि लेफ्टनंट आयर्स्ट यांच्यावर गोळ्या झाडल्या. त्याच वर्षी ‘केसरी’तील लेखनावरून टिळकांवर राजद्रोहाचा खटला होऊन त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. त्याच पुण्यात, हडपसरजवळ, सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी रोग्यांसाठी दवाखाना चालवला होता. मुंढव्याच्या महारवाड्यातील एका आजारी मुलाला पाठीवर घालून आणताना सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. साथीच्या काळात राज्ययंत्रणा आणि समाज कसे वागू शकतात, याची दोन्ही टोके या एका शहराने एका वर्षात पाहिली. पुढच्या पिढ्यांच्या हाती कायदा म्हणून आले ते पहिले टोक. मार्च २०२०मध्ये महाराष्ट्र सरकारने करोनासाठी अधिकार हाती घेतले ते १८९७च्याच कायद्याखाली. एप्रिल २०२०मध्ये वटहुकूम काढून त्यात आरोग्य कर्मचाऱ्यांवरील हल्ल्यांसाठी कडक शिक्षा घालण्यात आली. फेब्रुवारी २०२४मध्ये विधी आयोगाने आपल्या २८६व्या अहवालात या कायद्यातील उणिवा नोंदवल्या आणि तो सुधारावा किंवा नवा करावा अशी शिफारस केली.

दगड-विटांत उतरलेला बदल याहून मोठा आहे. प्लेग नसता तर मुंबईचा आजचा नकाशा असा नसता. १८९८च्या कायद्याने ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ स्थापन झाला. दाट वस्त्या फोडणे, रुंद रस्ते काढणे, नवी जमीन वस्तीयोग्य करणे आणि गरिबांसाठी निरोगी घरे बांधणे ही त्याची कामे. विश्वस्त मंडळावर सरकारी अधिकारी होते, महापालिकेचे प्रतिनिधी होते, चेंबर ऑफ कॉमर्स, पोर्ट ट्रस्ट आणि गिरणीमालक संघाचीही माणसे होती. ज्यांच्या खोल्या पाडल्या जाणार होत्या त्यांच्यापैकी कोणी नव्हते.

ट्रस्टचे पहिले मोठे रस्ते पश्चिमेच्या समुद्रावरचा वारा गावठाणाच्या पोटात खेचून आणण्यासाठी काढले गेले. प्रिन्सेस स्ट्रीट, म्हणजे आजचा शामळदास गांधी मार्ग, आणि सँडहर्स्ट रोड, म्हणजे आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग, हे दोन्ही पश्चिम-पूर्व जातात ते याच कारणाने. उत्तरेकडे जाणारा सिडनहॅम रोड पुढे मोहम्मद अली रोड झाला. नागपाडा आणि आग्रीपाडा नव्याने आखले गेले. या साऱ्यासाठी हजारो खोल्या पाडल्या गेल्या, आणि जितक्या पाडल्या तितक्या बांधल्या गेल्या नाहीत. बेघर झालेली कुटुंबे शेजारच्याच गल्लीतल्या चाळींत शिरली, तिथे एका खोलीत दोन बिऱ्हाडे झाली आणि भाडी चढली. ज्या दाटीला रोगाचे मूळ मानून घरे पाडली होती, तीच दाटी पाडकामाने दोन गल्ल्या पलीकडे वाढवली.

ट्रस्टने बांधलेल्या चाळींना मुंबईकर बी.आय.टी. चाळी म्हणतात. मधोमध किंवा कडेने सामाईक व्हरांडा, ओळीने खोल्या, मजल्याच्या टोकाला सामाईक संडास आणि नळ. खासगी मालकांच्या अंधाऱ्या चाळींपेक्षा त्या निश्चितच बऱ्या होत्या. परळच्या पोयबावडीतील अशाच चाळीत रामजी सकपाळ यांचे कुटुंब १९१२च्या सुमारास राहायला आले. त्यांच्या मुलाने, भीमराव आंबेडकरांनी, दादरच्या ‘राजगृहा’त जाईपर्यंतची सुमारे २२ वर्षे त्याच पत्त्यावर काढली. परदेशातून बॅरिस्टर होऊन परतल्यावरही त्यांचे घर तेच होते.

मध्यमवर्गासाठी ट्रस्टने दादर, माटुंगा, वडाळा आणि शीव इथली शेते आणि माळ विकत घेऊन त्यांचे आखीव भूखंड पाडले. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी, फाइव्ह गार्डन्स ही या आखणीची फळे. दोन इमारतींत किती अंतर हवे यासाठी उजेडाचा नियम करण्यात आला: समोरच्या इमारतीच्या माथ्यावरून खिडकीच्या तळापर्यंत येणारा प्रकाश साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक उभा नसावा. म्हणजे इमारत जितकी उंच तितकी मोकळी जागा अधिक सोडायची. या नव्या वसाहतींत १९२०-३०च्या दशकांत राहण्याची एक नवी तऱ्हा रुळली. चाळीतल्या खोलीऐवजी ‘ब्लॉक’ आला: स्वतंत्र दार, स्वयंपाकघर, आणि घराच्या आतच न्हाणीघर व संडास. सोवळे-ओवळे पाळणाऱ्या घरांना घरात संडास ही कल्पनाच आधी असह्य होती. वाहत्या पाण्याचे संडास, भुयारी गटारे आणि आरोग्यशास्त्राचा पंचवीस वर्षांचा मारा यांनी ती हळूहळू सुसह्य केली, मग प्रतिष्ठेची केली. मराठी मध्यमवर्गाच्या घरगुती आयुष्यात याइतका खोल बदल दुसरा क्वचितच झाला असेल. ब्लॉकने चाळीतला शेजार तोडला, सुनेला थोडा आडोसा दिला आणि ‘आपले घर’ या शब्दांचा अर्थ बदलला. त्यामागे प्लेग आहे याची आठवण दादरच्या तिसऱ्या पिढीला उरली नाही.

मधल्या काळात शास्त्र पुढे गेले होते. पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८मध्ये कराचीत उंदरावरच्या पिसवा रोग पसरवतात असे दाखवले. त्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५नंतर परळच्या प्रयोगशाळेत ग्लेन लिस्टन आणि प्लेग संशोधन मंडळाने ते सिद्ध केले. प्लेगला कोंदट हवेची गरज नव्हती, उंदराची आणि पिसवेची होती. पण तोवर रस्त्यांच्या योजना मंजूर झाल्या होत्या, कर्जरोखे निघाले होते, जमिनी ताब्यात आल्या होत्या. शहर नव्या ज्ञानाप्रमाणे पुन्हा आखले गेले नाही. साथीच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत, सर्वांत कमी माहिती आणि सर्वांत जास्त भीती असताना, घेतलेले निर्णयच सर्वांत चिवट ठरतात. मुंबईचे रस्ते हा त्याचा डोळ्यांसमोरचा पुरावा.

नव्या ज्ञानातून उभे राहिले ते वेगळे. वाल्देमार हाफकिन ऑक्टोबर १८९६मध्ये मुंबईत आले, त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस तयार केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती स्वतःला टोचून घेतली. भायखळ्याच्या तुरुंगातील कैद्यांवर चाचणी झाली. टोचल्याचा दाखला जवळ असला तर विलगीकरणातून सूट मिळू लागली, आणि रोजच्या व्यवहारासाठी अंगावरच्या लसीचा कागदी पुरावा बाळगण्याची सवय मुंबईने तेव्हा पहिल्यांदा अनुभवली. ऑगस्ट २०२१मध्ये दोन मात्रा आणि चौदा दिवस यांचा पुरावा दाखवून लोकलचा पास मिळू लागला, तेव्हा तीच पद्धत परतली. १८९९मध्ये हाफकिन यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये गेली आणि १९२५पासून ती हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाते. उंदरांचे कामही टिकले. महापालिकेच्या कीटकनाशक विभागाचे मूषक संहारक हातात काठी आणि बॅटरी घेऊन रात्रपाळीत गल्ल्यांतून फिरतात. एका पाळीत ३० उंदरांचे लक्ष्य त्यांना दिलेले असते. प्लेगने निर्माण केलेले हे काम प्लेग गेल्यावरही सरलेले नाही.

वांद्रे, गिरगाव आणि माझगावच्या ख्रिस्ती वस्त्यांत रस्त्याकडेला उभे असलेले कित्येक क्रूस प्लेगच्याच वर्षांचे आहेत. साथ टळावी म्हणून ते उभारले गेले. पुण्यात महर्षी कर्व्यांचा अनाथ बालिकाश्रम सदाशिव पेठेत होता. प्लेगमुळे तो १९००मध्ये गावाबाहेर हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत हलवला गेला. तिथवर रस्ता धड नव्हता. कर्वे रोज पायी शहरात शिकवायला येत आणि परत जात. साथीपुरती केलेली ती सोय स्त्रीशिक्षणाची वसाहत झाली आणि हिंगण्याचे नाव पुढे कर्वेनगर पडले.

१९१८चा इन्फ्लुएन्झा याच्या शेजारी ठेवून पाहण्यासारखा आहे. जूनमध्ये तो मुंबईच्या गोदीत उतरला, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये त्याने कहर केला आणि काही महिन्यांत ओसरला. भारतात त्याने सव्वा कोटीहून अधिक माणसे मारली. काही अंदाज याच्याही कितीतरी पुढे जातात. १९११ ते १९२१ हे भारताच्या खानेसुमारीतले लोकसंख्या घटल्याचे एकमेव दशक आहे. प्लेगने २५ वर्षांत जितके मारले त्याहून अधिक माणसे या तापाने एका हंगामात नेली. तरीही त्याच्या नावाने ना रस्ता निघाला, ना ट्रस्ट, ना कायदा. मृत्यूंची संख्या आणि कायमचा बदल यांचा थेट संबंध नसतो, हे यावरून दिसते. संस्था उभी राहायला, अर्थसंकल्पात तिला स्थान मिळायला, लोकांना तिची सवय व्हायला वर्षे लागतात. प्लेगने ती वर्षे दिली.

करोनाची साथ या दोहोंच्या मध्ये कुठेतरी बसते. पुण्यात ९ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रातले पहिले रुग्ण सापडले. जागतिक आरोग्य संघटनेने आणीबाणी संपल्याचे ५ मे २०२३ रोजी जाहीर केले. या तीन वर्षांत जे कायमचे बदलणार असे वाटले होते, त्यातले बरेच जसेच्या तसे परतले. २०२०मध्ये ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीने पंढरपूरला गेल्या, २०२१मध्येही तसेच झाले. २०२२मध्ये वारी पायी निघाली आणि वाटेत तसूभर फरक दिसला नाही. पन्नास माणसांतली लग्ने गेली, हजारांची परत आली. लोकलच्या दारातली गर्दी परतली. शतकानुशतके रुळलेल्या सामूहिक सवयींना तीन वर्षे पुसू शकत नाहीत.

घरून काम ही या काळातली सर्वांत गाजलेली गोष्ट. हिंजवडी आणि ऐरोलीतले संगणक अभियंते दोन वर्षे कोकणातल्या, खानदेशातल्या घरी बसून काम करत होते, आणि गावात राहून शहराचा पगार ही गोष्ट अनेक घरांत पहिल्यांदा खरी झाली. जुलै २०२२मध्ये विशेष आर्थिक क्षेत्रांच्या नियमांत बदल करून निम्म्या कर्मचाऱ्यांना घरून काम करण्याची मुभा दिली गेली. पण ती मुभा मालकाला होती. कर्मचाऱ्याला तसा हक्क कोणत्याही कायद्याने दिला नाही. २०२३पासून मोठ्या कंपन्यांनी माणसांना कार्यालयात बोलावले आणि बहुतेकांना जावे लागले. १८९७च्या रोजच्या मजुरीसारखीच ही गोष्ट आहे. काही दिवस घरून, काही दिवस कार्यालयातून अशी मिश्र पद्धत ज्यांच्या कौशल्याला बाजारात मागणी आहे त्यांच्यापाशी टिकली. घरकामगार बाया, रखवालदार, कुरिअर पोहोचवणारी मुले यांना घरून काम कधीच नव्हते. गृहनिर्माण संस्थांच्या फाटकावर त्यांची नोंद ठेवण्याची पद्धत मात्र साथीत घट्ट झाली आणि सैल झाली नाही.

स्थलांतरित मजुरांनी मार्च-एप्रिल २०२०मध्ये मुंबई-पुण्याहून पायी धरलेली वाट साऱ्या देशाने पाहिली. ८ मे २०२० रोजी औरंगाबादजवळ करमाड इथे रुळांवर झोपी गेलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. या वाटेने काही कायमचे बदल घडवले, आणि ते नोंदवायला हवेत, कारण त्यांची चर्चा घरून कामाच्या मानाने फारच कमी झाली. २९ जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना ‘एक देश, एक रेशनकार्ड’ योजना लागू करण्याचा आदेश दिला. विदर्भातल्या कुटुंबाचे धान्य आता सुरतेच्या दुकानात मिळू शकते. ऑगस्ट २०२१मध्ये असंघटित कामगारांच्या नोंदणीसाठी ई-श्रम पोर्टल सुरू झाले. साथीआधी रेशनवर तांदूळ तीन रुपये आणि गहू दोन रुपये किलो होता. एप्रिल २०२०मध्ये साथीपुरते म्हणून सुरू झालेले मोफत धान्य जानेवारी २०२३मध्ये अन्नसुरक्षा कायद्याच्या वाटपात मिसळले आणि १ जानेवारी २०२४पासून आणखी पाच वर्षे वाढवले गेले. ८१ कोटी माणसांच्या चुलीशी संबंध असलेला हा बदल करोनाकाळातला सर्वांत मोठा कायमचा बदल आहे. उलट दिशेचे प्रयत्नही झाले. गुजरातने कारखान्यांत बारा तासांचा दिवस आणि दुप्पट दराशिवाय जादा काम लागू केले. १ ऑक्टोबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती अधिसूचना रद्द केली.

दवाखाने आणि पैसे यांच्या बाबतीत साथीने आधीपासून निघालेल्या गोष्टींना गती दिली. फोनवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम २५ मार्च २०२० रोजी, टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी, प्रसिद्ध झाले आणि ते कायम राहिले. यूपीआयचे व्यवहार साथीच्या आधी महिन्याला १३० कोटींच्या आसपास होते. ऑगस्ट २०२३मध्ये त्यांनी १,००० कोटींचा टप्पा ओलांडला. भाजीवाल्याच्या हातगाडीवर लटकणारा चौकोनी कोड हे त्याचे रोजचे रूप. गावोगाव घरे पालथी घालणाऱ्या आशा सेविकांचा मे २०२२मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने गौरव केला. महाराष्ट्रातल्या आशांना मात्र साथ चालू असतानाच, जून २०२१मध्ये, मानधनासाठी संपावर जावे लागले होते.

हवेच्या बाबतीत करोनाने प्लेगच्या उलट चूक केली. प्लेगच्या काळात हवेतून न पसरणाऱ्या रोगासाठी शहराचे वारे बदलले गेले. करोनाच्या काळात हवेतून पसरणाऱ्या रोगासाठी सुरुवातीचे सारे बळ हात, दाराच्या कड्या आणि भाजीच्या पिशव्या धुण्यावर गेले. बंद खोलीतली शिळी हवा हे मुख्य कारण असल्याचे स्पष्ट झाले तेव्हा सॅनिटायझरच्या बाटल्या सगळीकडे बसल्या होत्या. शाळा, कचेऱ्या आणि इमारती यांच्या वायुवीजनासाठी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या तोडीचे काम झाले नाही.

त्यामुळे उजेडाच्या जुन्या नियमाकडे पुन्हा पाहावे लागते. प्लेगसाठी त्याचा फारसा उपयोग नव्हता, पण क्षयरोगासाठी होता आणि आहे. क्षयाचे जंतू कोंदट, अंधाऱ्या खोलीत हवेत रेंगाळतात. ऊन आणि वारा त्यांना मारक ठरतो. मुंबईत झोपडपट्टीवासीयांच्या आणि प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनासाठी इमारती बांधताना मात्र मोकळ्या अंतराचे नियम सैल करण्यात आले. गोवंडी-मानखुर्द भागातील लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख कंपाउंड इथे काही इमारतींमध्ये जेमतेम तीन मीटरचे अंतर आहे. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने तिथे केलेल्या पाहणीत, कमी उजेड आणि कमी वारा असलेल्या घरांत क्षयाचे रुग्ण अधिक आढळले. खालच्या मजल्यांवरच्या खोल्यांत तिथे दिवसाही दिवा लावावा लागतो.